थकलेल्या वृद्ध माणसाचं इन्फेक्शन: रक्ताचे साधे रिपोर्ट घरच्यांनी कसे वापरावेत

घरात ऐंशीच्या आसपासचं, अंगानं उतरलेलं, आधाराशिवाय उठता-बसता न येणारं माणूस असेल आणि त्यांचं सगळं तुम्हीच बघत असाल, तर हे तुमच्यासाठी लिहिलंय. मी डॉक्टर नाही. आधी सासऱ्यांचं आणि मग आईचं आजारपण काढताना 'हे इन्फेक्शन आहे की नुसता अशक्तपणा' या प्रश्नाशी वारंवार गाठ पडली. आमच्या डॉक्टरांना विचारत, जुने रिपोर्ट शेजारी मांडून बघत मी शिकत गेले. निदान आणि औषध हे डॉक्टरांचंच काम. पण वेळेवर संशय घेणं, सॅम्पल नीट देणं आणि तुलना करता येतील असे आकडे डॉक्टरांपुढे ठेवणं हे घरच्यांच्या हातात असतं, आणि बराचसा गोंधळ तिथेच होतो.

एक गोष्ट आधीच सांगते. रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली 'नॉर्मल' मर्यादा धडधाकट माणसांवरून ठरवलेली असते. थकलेलं शरीर इन्फेक्शनला तेवढ्या जोरात उत्तर देत नाही. ताप चढत नाही, पेशी फारशा वाढत नाहीत. त्यामुळे यांचा आजचा आकडा यांच्याच एरवीच्या आकड्याशी ताडून बघायचा. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

थकलेलं म्हणजे नक्की कोण? २००१ साली लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच खुणा सांगितल्या: नकळत वजन घटणं, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणं, चाल मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. यातल्या तीन किंवा जास्त दिसत असतील, तर पुढचं सगळं तुमच्या माणसाला लागू आहे.

हाताशी काय ठेवावं

- डिजिटल थर्मामीटर, पल्स ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर आणि त्याच्या मुदतीतल्या पट्ट्या
- सगळ्या जुन्या रिपोर्टची तारखेप्रमाणे लावलेली एक फाइल, आणि फोनमध्ये त्यांचे फोटो
- चालू गोळ्यांची यादी, डोससकट. स्टेरॉइड, रक्त पातळ करणारी गोळी, बीपीची आणि लघवीची गोळी यांच्याखाली रेघ मारा
- कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि मागच्या वेळी कोणतं अँटिबायोटिक दिलं होतं
- सध्याचं वजन. औषधाचा डोस ठरवताना ते लागतं, आणि ऐन वेळी कुणालाच आठवत नाही
- आधार कार्ड. सत्तरीपुढच्या माणसाचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता सुरू झाली आहे आणि दाखल व्हावं लागलं तर उपयोगी पडते

१. तब्येत बरी असतानाच एकदा रक्त तपासून घ्या

हे सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं. माणूस जेवतोय, बोलतोय, मग उगाच सुई कशाला टोचायची, असं वाटतं. पण आजारपणात आलेल्या रिपोर्टचा अर्थ लावायला हाच रिपोर्ट लागतो. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), सोडियम-पोटॅशियम (रक्तातले क्षार), साखर आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) एवढं पुरे. वर्षातून एकदा, किंवा एखादं मोठं आजारपण उलटून महिना-दीड महिना झाला की. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवत असाल, तर यातल्या बऱ्याच तपासण्या महालॅब या सरकारी तपासणी योजनेतून मोफत होतात.

त्याच आठवड्यात सलग चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन आणि बीपीही लिहून ठेवा. बऱ्याच वृद्धांचं एरवीचं तापमान ९७ डिग्रीच्या आसपास असतं. अशा माणसाचं ९९ म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असेल, नव्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय कळणार नाही.

शक्यतो दर वेळी एकाच लॅबमध्ये रक्त द्या. मशीन आणि पद्धत बदलली की आकडे थोडे हलतात.

२. तापाची वाट बघू नका

अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वृद्धाश्रमातल्या माणसांसाठी २००८ साली जे निकष दिले, ते घरातही उपयोगी पडतात. तोंडातलं तापमान एकदाही १०० डिग्रीच्या वर गेलं, किंवा वारंवार ९९ च्या वर राहिलं, किंवा एरवीपेक्षा २ डिग्रीने चढलं, तर तो ताप समजायचा. काखेत थर्मामीटर लावत असाल तर आकडा तोंडापेक्षा कमी येतो. आणि अंग दुखतं म्हणून पॅरासिटामॉल दिलेलं असेल तर त्यानंतरचं माप काहीच सांगत नाही. गोळीच्या आधी मोजा.

ताप नसतानाही संशय घ्यायला लावणाऱ्या गोष्टी:

- काल स्वतः घास घेणारं माणूस आज भरवूनही खात नाही
- अचानक गप्प होणं, दिवसभर ग्लानीत पडून राहणं. रात्री उठून बडबड करणारे लगेच लक्षात येतात, हे गप्प होणारे सुटतात
- एरवी होतं तेवढंही उठणं न होणं, तोल जाणं, पडणं
- कपड्यात लघवी व्हायला नव्याने सुरुवात
- श्वास जलद होणं. छातीची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट मोजा. मिनिटाला २५ किंवा जास्त असेल तर न्यूमोनियाची शंका घ्यायची, खोकला असो वा नसो

'वयाप्रमाणे चालायचंच' हे वाक्य आपल्याकडे फार सहज तोंडात येतं. जे दोन-तीन दिवसांत बदललं ते वयामुळे नसतं. वय इतक्या घाईने येत नाही.

३. आधी साखर बघा, आणि लॅबच्या नादात वेळ घालवू नका

मधुमेही माणूस गोंधळलेलं किंवा ग्लानीत असेल तर सर्वांत आधी ग्लुकोमीटर. जेवण सुटलेलं आणि साखरेची गोळी मात्र चालूच, यामुळे साखर घसरते आणि घरचे इन्फेक्शन शोधत बसतात. उलट, पथ्य नेहमीचंच असून साखर एकाएकी २५०-३०० वर गेली असेल, तर त्यामागे इन्फेक्शन असू शकतं.

वरचं बीपी १०० किंवा त्याखाली, ऑक्सिजन ९० च्या खाली, हातपाय गार, हाक मारल्यावर नीट ओ न देणं, सात-आठ तासांत लघवीच नाही: यातलं काहीही असेल तर घरी सॅम्पल न्यायला माणूस बोलावू नका. थेट हॉस्पिटल गाठा. रक्त तिथे काढतील. एक खबरदारी म्हणजे, ज्यांचं बीपी एरवी १५० असतं त्यांचं ११० होणं हीसुद्धा घसरणच आहे. आणि बीपीच्या काही गोळ्या नाडीचा वेग वाढूच देत नाहीत, त्यामुळे 'नाडी तर ठीक आहे' यावर निर्धास्त राहू नका.

४. सॅम्पल देताना

पहिल्या फेरीत डॉक्टर साधारणपणे सीबीसी, सीआरपी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम आणि साखर सांगतात. यासाठी उपाशी राहायची गरज नाही. उलट रक्त काढायच्या आधी दोन पेले पाणी पोटात गेलं तर शीर सापडायला सोपं जातं (डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं असेल तर अर्थात नाही). हात गरम कपड्यात गुंडाळून ठेवला तरी फरक पडतो.

सलाइन चालू असेल तर त्या हातातून रक्त काढू देऊ नका. सलाइन मिसळून सगळे आकडे खोटे येतात. शीर न सापडल्यामुळे बराच वेळ पट्टा आवळून, थेंब थेंब रक्त ओढलं असेल तर तांबड्या पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं. असा रिपोर्ट आला तर घाबरण्याआधी सॅम्पल कसं काढलं होतं ते डॉक्टरांना सांगा.

सॅम्पलची वेळ लिहून ठेवा. ती का लागते, ते सीआरपीपाशी येईल.

५. सीबीसी वाचताना 'टोटल काउंट'वर थांबू नका

सगळ्यांची नजर पहिल्यांदा पांढऱ्या पेशींच्या एकूण आकड्यावर जाते. ४,००० ते ११,००० च्या आत असला की सुटकेचा निःश्वास, आणि रिपोर्ट बाजूला. थकलेल्या माणसांच्या बाबतीत इथेच फसायला होतं.

समजा, एका आजींचा एरवीचा काउंट ५,२०० आणि त्यात न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ६० टक्के. म्हणजे न्यूट्रोफिल झाल्या ३,१२०. आज काउंट आलाय ९,८००, न्यूट्रोफिल ८८ टक्के आणि लिम्फोसाइट (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) ८ टक्के. एकूण आकडा 'नॉर्मल'. पण न्यूट्रोफिल ८,६०० च्या वर पोहोचल्या, म्हणजे जवळपास पावणेतीन पट, आणि लिम्फोसाइट ८०० च्याही खाली. गेल्या वर्षीचा रिपोर्ट शेजारी ठेवला तर हे दिसतं, नाहीतर दिसत नाही. टक्केवारीला एकूण काउंटने गुणून खरा आकडा काढायची सवय लावा. हल्ली बऱ्याच रिपोर्टमध्ये तो 'ॲब्सोल्यूट' म्हणून छापलेलाही असतो.

दुसऱ्या बाजूने, काउंट १४,००० किंवा जास्त असेल, किंवा अपरिपक्व न्यूट्रोफिल, ज्यांना रिपोर्टमध्ये बँड म्हणतात, ६ टक्क्यांच्या वर असतील, तर ताप नसला तरी जिवाणूंचं इन्फेक्शन नीट शोधलं पाहिजे, असं तेच २००८ चे निकष सांगतात.

काउंट कमी येणं हे नेहमी चांगलं लक्षण नसतं. डेंग्यू आणि टायफॉइडमध्ये तो उतरतो, आणि इन्फेक्शन रक्तात पसरून माणूस खचत चालला असेल तेव्हाही उतरू शकतो. तब्येत बिघडतेय आणि काउंट ३,००० आलाय, तर ते काळजीचंच आहे.

स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर इन्फेक्शन नसतानाही न्यूट्रोफिल वाढतात, आणि असलेला ताप झाकला जातो. दम्यासाठी, संधिवातासाठी 'थोडे दिवस' दिलेली गोळी घरचे सांगायला विसरतात. पडणं, हाड मोडणं, ऑपरेशन यानेही पेशी वाढतात.

प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील तर आधी विचारा, स्लाइडवर तपासून पाहिल्यात का. जांभळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये कधी कधी प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला कमी दिसतात. अशा वेळी निळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये पुन्हा सॅम्पल घेतात.

हिमोग्लोबिनबद्दल थोडंसं: पाणी कमी पडलेल्या माणसाचं रक्त घट्ट झालेलं असतं, त्यामुळे ते जास्त दिसतं. सलाइन दिल्यावर दुसऱ्या दिवशी एक-दीडने खाली आलं की घरात धावपळ होते. बाहेरून रक्तस्राव दिसत नसेल आणि शौचाचा रंग काळा नसेल तर बहुधा हेच कारण असतं. तरी डॉक्टरांना विचाराच.

६. सीआरपी: आकड्याइतकीच वेळ महत्त्वाची

सीआरपी हे यकृतात तयार होणारं प्रथिन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं. इन्फेक्शन सुरू झाल्यावर साधारण सहा ते आठ तासांनी ते वाढायला लागतं आणि ४८ तासांच्या सुमारास शिखरावर पोहोचतं. म्हणून आज दुपारी थंडी वाजली आणि तासाभरात रक्त दिलं, तर सीआरपी साधा येऊ शकतो. त्यावरून 'काही नाही' असं ठरवू नका. दुसऱ्या दिवशीचा आकडा खरा बोलतो.

यात तीन सापळे आहेत. पहिला, एकक. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ४.८ हा आकडा पहिल्या एककात जवळपास साधा आहे, दुसऱ्यात तो ४८ होतो. पुण्या-मुंबईतून किंवा परदेशातून व्हॉट्सॲपवर रिपोर्ट बघणाऱ्या मुलांनी हे आधी बघावं. दुसरा, 'एचएस-सीआरपी' ही हृदयविकाराचा धोका जोखायची तपासणी आहे. लॅबच्या फॉर्मवर चुकून त्यावर खूण होते. तिसरा, सीआरपी इन्फेक्शनशिवायही वाढतो: संधिवात, गाउट, मोडलेलं हाड, हार्ट अटॅक, काही कॅन्सर. आणि यकृत फार खराब असेल तर हवा तेवढा वाढत नाही.

मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये १०० च्या वर गेलेला सीआरपी जिवाणूंच्या इन्फेक्शनकडे बोट दाखवतो. २० ते ६० मधला आकडा एकटा फारसं काही ठरवत नाही. तिथे एरवीचा आकडा बघायचा. ज्यांचा नेहमीच १५ असतो आणि ज्यांचा ३ असतो, त्यांच्या ४० चा अर्थ वेगळा.

ईएसआर (तांबड्या पेशी किती वेगाने खाली बसतात ते मोजणारी तपासणी) हळू चढतो आणि हळू उतरतो. वयाने आणि रक्त कमी असल्यानेही वाढतो. अचानक आलेल्या आजारात तो माझ्या मते गोंधळच वाढवतो. महिनाभर वजन घटतंय, संध्याकाळी अंग कोमट लागतंय अशा वेळी मात्र त्याचा उपयोग आहे, कारण म्हातारपणातला टीबी असाच दबक्या पावलांनी येतो. तेव्हा थुंकीतले टीबीचे जंतू शोधणारी सीबीनॅट तपासणी आणि छातीचा एक्स-रे यांबद्दल विचारा.

प्रोकॅल्सिटोनिन (इन्फेक्शनसाठीची आणखी एक रक्ततपासणी) महाग आहे. ते सीआरपीच्या आधी वाढतं आणि जिवाणूंच्या इन्फेक्शनशी त्याचं नातं जास्त जवळचं आहे. पण किडनी कमजोर असेल तर ते मुळातच वाढलेलं असू शकतं. ते लावायचं की नाही हे डॉक्टरांवर सोडा. स्वतःहून पॅकेजमध्ये घेऊ नका.

७. क्रिएटिनिन आणि सोडियम

इन्फेक्शनमध्ये खाणं-पिणं सुटतं, किडनीवर ताण येतो, म्हणून क्रिएटिनिन बघायचं. पण ते स्नायूंतून येतं, आणि थकलेल्या माणसाच्या अंगावर स्नायूच उरलेले नसतात. ७८ वर्षांच्या, ४० किलो वजनाच्या बाईंचं क्रिएटिनिन १.० आलं तर रिपोर्टवर ते नॉर्मल असतं. डॉक्टर डोस ठरवायला वापरतात त्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रात तेच आकडे घातले, तर किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला २९ मिलिलिटरच्या आसपास निघते. इतक्या कमी क्षमतेला अनेक अँटिबायोटिकचा डोस कमी करावा लागतो. वजन नीट सांगा म्हणते ते यासाठी.

सोडियम १३५ ते १४५ हवं. न्यूमोनियात ते घसरतं. पण लघवीच्या काही गोळ्यांनी आणि नैराश्याच्या काही गोळ्यांनीही घसरतं, आणि फार कमी झालं की नुसत्या त्यानेच माणूस भ्रमात जातं.

८. लघवीच्या रिपोर्टचा सापळा

माणूस गोंधळलं, लघवी तपासली, जंतू सापडले, अँटिबायोटिक सुरू. हा क्रम इतका रूढ झालाय की खरं कारण मागे राहून जातं. वृद्धाश्रमात राहणाऱ्या स्त्रियांपैकी पाव ते निम्म्या जणींच्या लघवीत काहीही त्रास नसताना जंतू असतात. बराच काळ कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या असतात. जळजळ, ओटीपोटात दुखणं, थंडी-ताप, पाठीत बरगडीखाली दुखणं यातलं काही नसेल, तर लघवीतल्या जंतूंना दोष देण्याआधी छाती, पाठीवरच्या जखमा, पायाची बोटं, तोंडातले दात आणि पोट बघून घ्यायला डॉक्टरांना सांगा. झोपून असलेल्या माणसाची पाठ आणि टाचा तुम्ही स्वतः रोज उघडून बघा. रक्त इन्फेक्शन आहे म्हणतं आणि जागा सापडत नाही, अशा वेळी ती पुष्कळदा तिथे असते.

९. पावसाळ्यात यादी थोडी वाढवा

जून ते नोव्हेंबर मलेरियाची स्लाइड आणि डेंग्यू लक्षात ठेवा. डेंग्यूची एनएस१ तपासणी (विषाणूचा अंश शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत, त्यानंतर आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी). कोकणात, मुंबईत, शेतात किंवा साचलेल्या पाण्यातून चालणं झालं असेल आणि डोळे पिवळे, प्लेटलेट कमी, क्रिएटिनिन जास्त असं एकत्र आलं तर लेप्टोबद्दल (उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस) विचारा. विदर्भात स्क्रब टायफसही (गवतातल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप) विसरू नका. २०१८ मध्ये नागपूर परिसरात त्याची साथ होती. काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली काळी खपली दिसते का ते कपडे काढून बघावं लागतं.

एकट्या विडाल या रक्ततपासणीवरून टायफॉइड ठरवू नका. ती जुन्या संपर्कानेही पॉझिटिव्ह येते.

१०. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी कल्चर

माणूस जास्त आजारी असेल आणि दाखल करत असाल तर एवढं विचारा: 'ब्लड कल्चर घेतलं का?' म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी. पहिला डोस गेल्यावर जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. दोन वेगवेगळ्या जागांहून, प्रत्येक बाटलीत आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागतं. 'एवढं रक्त कशाला काढता' म्हणून भांडू नका. कमी रक्तात जंतू निसटतात. पण कल्चरसाठी औषध तासन्‌तास रोखूनही धरू नये. अंतिम रिपोर्टला पाच दिवस लागतात, पहिली खूण बहुधा दोन दिवसांत मिळते.

कपाटातलं मागच्या वेळचं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. त्याने कल्चर बिघडतं, आणि काही अँटिबायोटिक म्हाताऱ्या माणसांत स्वतःच भ्रम आणतात.

११. पुन्हा तपासणी

उपचार लागू पडला तर सीआरपी दर १९-२० तासांनी निम्मा होऊ शकतो. म्हणून तिसऱ्या दिवशीचा सीआरपी उपयोगाचा. रोज काढायची गरज नसते. आकडा उतरतोय पण माणूस खात नाही, डोळे उघडत नाही, तर डॉक्टरांना माणसाबद्दल आधी सांगा, आकड्याबद्दल नंतर. उलटही होतं. माणूस बसून चहा पितंय, आणि काउंट अजून १२,००० आहे म्हणून घरचे अँटिबायोटिक वाढवून मागतात. तसं करू नका.

१२. तपासायचं की नाही, हेही ठरवा

वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या, हात काळेनिळे झालेल्या माणसाला प्रत्येक वेळी टोचायलाच हवं का, हा प्रश्न विचारण्यात काहीही गैर नाही. रिपोर्ट आल्यावर आपण वेगळं काही करणार आहोत का? हॉस्पिटलमध्ये नेणार आहोत का? दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर ताप उतरवणं, दुखणं कमी करणं, तोंड ओलं ठेवणं, कूस बदलणं हेच उपचार आहेत, आणि ते नीट देणारे डॉक्टर शोधावेत. हे त्या माणसाशी, त्यांना समजतंय तोवरच बोला. सांगितलं जात नसेल तर भावंडांनी एकत्र बसून, नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठरवा. जे ठरेल ते फाइलच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहा, म्हणजे मध्यरात्री कॅज्युअल्टीत भेटलेल्या अनोळखी डॉक्टरांनाही ते वाचता येईल.